बनावट चित्र आणि सौंदर्यमूल्य : ‘अम्माऊस येथील भोजन’ या चित्राच्या निमित्ताने

प्रस्तावना

कलाकृतीचे सौंदर्य कलाकृतीतच असते, तिच्याबाहेर नसते, असे विधान सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत वारंवार केले जाते. कर्त्याचे चरित्र, निर्मितीचा काळ, कृतीमागील हेतू आणि तिची बाजारातील किंमत या गोष्टींचा विचार इतिहासकाराने, समाजशास्त्रज्ञाने वा फार तर व्यापाऱ्याने करावा. रसिकाचा संबंध केवळ समोर दिसणाऱ्या रंगरेषांशी किंवा कानी पडणाऱ्या स्वरांशी असतो, असे या भूमिकेचे सार आहे. ‘कवी बाजूला ठेवा, कविता पाहा’ असे वर्गात सांगणारा अध्यापक याच भूमिकेचा पुरस्कार करीत असतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज विद्यापीठात विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांत मान्यवर कवींच्या रचना बाजूला सारल्या गेल्या आणि सामान्य रचना वाखाणल्या गेल्या. या प्रयोगाने साहित्याच्या अध्यापकांना अस्वस्थ करणारा एक प्रश्न उभा केला : आपण कृतीचा आदर करतो की नावाचा?

हा प्रश्न चित्रकलेच्या क्षेत्रात आला की त्याला अधिक धार येते. दोन चित्रे डोळ्यांना सारखीच सुंदर वाटत असतील, पण त्यांपैकी एक अस्सल व दुसरे बनावट असेल, तर त्यांच्या सौंदर्यमूल्यात फरक पडतो काय? फरक पडत नसेल, तर बनावट ठरलेले चित्र संग्रहालयाच्या भिंतीवरून उतरविले का जाते? आणि पडत असेल, तर सौंदर्य कृतीतच असते या विधानाचे काय करावयाचे? या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध घटनेच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

घटना

डेल्फ्ट येथील चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याच्या नावावर आज सुमारे ३५ चित्रे आहेत. त्यांतील बहुसंख्य चित्रे घरगुती प्रसंगांची आहेत : खिडकीतून येणारा शांत प्रकाश, पत्र वाचणारी स्त्री, दूध ओतणारी दासी. बायबलमधील विषयावरचे त्याचे एक आरंभीचे चित्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी ओळखले गेले आणि तेव्हापासून अभ्यासकांच्या मनात एक तर्क घर करून राहिला. या चित्रकाराने तरुणपणी इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याच्या प्रभावाखाली आणखी धार्मिक चित्रे काढली असावीत आणि ती कोठेतरी सापडतील, असा हा तर्क होता.

हान व्हान मीगरेन (१८८९–१९४७) या डच चित्रकाराने नेमकी हीच रिकामी जागा हेरली. त्याच्या स्वतःच्या नावाने काढलेल्या चित्रांची समीक्षकांनी फारशी दखल घेतली नव्हती आणि तो सल त्याच्या मनात होता. सतराव्या शतकातील एक जुने चित्र मिळवून त्याने त्यावरील रंग खरवडला आणि त्याच कापडावर ‘अम्माऊस येथील भोजन’ हे नवे चित्र रंगविले. खरी अडचण रंग वाळण्याची होती. तैलरंग पूर्णपणे कठीण व्हावयास अनेक दशके लागतात व कोवळा रंग अल्कोहोलने विरघळतो. यावर उपाय म्हणून त्याने बेकेलाइटच्या जातीचे कृत्रिम राळद्रव्य रंगात मिसळले, चित्र भट्टीत भाजले, कापड गुंडाळून पृष्ठभागावर तडे पाडले आणि त्या तड्यांत शाई भरली. जुन्या धुळीचा भास त्यामुळे निर्माण झाला.

मॉरित्सहाउस संग्रहालयाचे एकेकाळचे संचालक आणि डच चित्रकलेचे नामांकित जाणकार आब्राहम ब्रेडियस यांनी १९३७ मध्ये हे चित्र पाहिले. तेव्हा त्यांचे वय ८२ होते. त्याच वर्षी ‘बर्लिंग्टन मॅगझिन’ या नियतकालिकात त्यांनी हे चित्र व्हर्मीरचेच असल्याचे जाहीर केले. एवढेच नव्हे, तर ती त्याची सर्वश्रेष्ठ कृती मानण्याकडे आपला कल असल्याचे लिहिले. पाच लाख गिल्डरांहून अधिक रक्कम मोजून रॉटरडॅमच्या बॉइमान्स संग्रहालयासाठी ते विकत घेण्यात आले आणि १९३८ मधील प्रदर्शनात ते मानाने मांडले गेले.

बनाव उघडकीस आला तो जाणकारांच्या नजरेमुळे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेता हेर्मान गोरिंग याच्या संग्रहात व्हर्मीरच्या नावाचे आणखी एक चित्र सापडले. त्याच्या विक्रीचा माग व्हान मीगरेनपर्यंत पोहोचला आणि राष्ट्रीय ठेवा शत्रूच्या हाती दिल्याच्या आरोपावरून मे १९४५ मध्ये त्याला अटक झाली. शिक्षा कठोर होऊ शकली असती. तेव्हा त्याने कबुली दिली : हे चित्र व्हर्मीरचे नाही, माझे आहे, ‘अम्माऊस’ही माझेच. त्यावर विश्वास बसेना. म्हणून पहाऱ्यात, साक्षीदारांच्या देखत, त्याच शैलीतील आणखी एक चित्र त्याने रंगवून दाखविले. आपण गुन्हेगार आहोत हे सिद्ध करण्यासाठी आरोपीनेच धडपडावे, असा हा विलक्षण प्रकार होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती भोगण्यापूर्वीच ३० डिसेंबर १९४७ रोजी त्याचे निधन झाले.

तरीही वाद मिटला नाही. बेल्जियन तज्ज्ञ ज्यां डेकोएन यांनी १९५१ मध्ये ‘अम्माऊस’ हे व्हर्मीरचेच असल्याचा दावा ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किरणोत्साराच्या मापनाने या दाव्याचा आधार काढून घेतला. पांढऱ्या रंगातील शिशात शिसे-२१० हा किरणोत्सारी समस्थानिक असतो. खनिजातून शिसे वेगळे काढताना त्याचे मूळ जे रेडियम, ते बहुतांशी निघून जाते आणि मग दर सुमारे २२ वर्षांनी शिसे-२१० निम्मे होत जाते. तीनशे वर्षांपूर्वीच्या रंगात ते उरलेल्या रेडियमच्या प्रमाणापर्यंत घटलेले असावयास हवे. या चित्रात ते कितीतरी अधिक होते.

रूपवादाची भूमिका

१९३८ ते १९४५ या काळात रॉटरडॅमला हे चित्र पाहून भारावलेल्या प्रेक्षकाचा अनुभव खोटा होता काय? रूपवाद्याचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे. इंग्रज कलासमीक्षक क्लाइव्ह बेल याने १९१४ मधील आपल्या ग्रंथात कलेचे मूल्य ‘अर्थपूर्ण रूपा’त, म्हणजे रेषा व रंग यांच्या विशिष्ट परस्परसंबंधांत असल्याचे प्रतिपादन केले आणि आस्वादासाठी जीवनातील ज्ञान बरोबर आणण्याची आवश्यकता नाकारली. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात याहून काटेकोर मांडणी केली. त्यांच्या मते सौंदर्य हा संवेदनांच्या लयबद्ध रचनेचा धर्म असून ही लय संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी सिद्ध होते. निळ्या रंगाचा पिवळ्याशी असलेला विरोध किंवा डाव्या बाजूच्या आकृतीने उजव्या बाजूच्या आकृतीशी साधलेला समतोल हा चित्रफलकावरच असतो. तो कोणी साधला, कोणत्या साली साधला, याने त्या समतोलात रेसभरही भर पडत नाही की घट होत नाही. ही भूमिका प्रामाणिकपणे स्वीकारली, तर १९४५ मध्ये ‘अम्माऊस’मध्ये काहीही बदल झाला नाही, असे म्हणणे प्राप्त होते.

या युक्तिवादाचे बळ नाकारता येत नाही. आल्फ्रेड लेसिंग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६५ मध्ये याच चित्राचा दाखला देऊन असे दाखविले की, बनावट असणे हा सौंदर्यदृष्ट्या दोष नव्हे. काल ज्या चित्रापुढे डोळे पाणावले, तेच आज केवळ बातमी वाचून भिकार वाटू लागले असेल, तर बदल चित्रात नसून प्रेक्षकाच्या प्रतिष्ठाभावनेत आहे. लेसिंगच्या मते बनावट चित्रात उणीव असते ती मौलिकतेची. आणि मौलिकता हे कलेच्या इतिहासातील कर्तृत्वाचे मूल्य आहे, सौंदर्याचे नव्हे.

येथे दोन मूल्यांची फोड केली गेली आहे आणि ती उपयुक्त आहे. परंतु ती इतकी स्वच्छ टिकते का, हे पाहिले पाहिजे. शंका घेण्यास पहिली जागा अनपेक्षित ठिकाणी सापडते, ती म्हणजे कांटच्या लेखनात.

कांटचा कोकिळकंठ

इमॅन्युएल कांट याने १७९० मधील आपल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये सौंदर्यविषयक अभिनिर्णय हा निर्हेतुक असतो असे म्हटले. वस्तू अस्तित्वात आहे की नाही, ती आपल्या उपयोगाची आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. रूपवाद्यांनी कांटला आपला पूर्वज मानले ते याच कारणाने. तथापि त्याच ग्रंथात एक लहानसा दाखला येतो. उन्हाळ्याच्या निवांत संध्याकाळी, मंद चांदण्यात नाइटिंगेल पक्ष्याच्या गाण्यात पाहुणे रमले आहेत. (आपल्याकडे कोकिळ समजावा.) प्रत्यक्षात पक्षी नाहीच, यजमानाने झुडपात एक पोरगा लपविला असून तो तोंडात बोरू धरून हुबेहूब आवाज काढतो आहे. ही फसवणूक कळताच, कांट म्हणतो, ते गाणे कोणालाही फार वेळ ऐकवणार नाही. स्वर तेच, क्रम तोच. कानांना पोहोचणाऱ्या संवेदनेत फरक शून्य.

कांट हा दाखला देतो तो निसर्गसौंदर्याविषयी वाटणाऱ्या बौद्धिक आस्थेच्या संदर्भात. शुद्ध अभिरुचिनिर्णयाच्या संदर्भात नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. म्हणून त्याला आत्मविसंगतीचा दोष देता येणार नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या प्रत्यक्ष अनुभवात ‘शुद्ध निर्णय’ व ‘आस्था’ असे दोन कप्पे पडलेले असतात का, हा प्रश्न उरतोच. पाहुणे ऐकत होते ते केवळ स्वर नव्हते. ते पक्ष्याचे गाणे ऐकत होते. ‘पक्ष्याचे’ हा शब्द त्या अनुभवाला बाहेरून चिकटविलेली चिठ्ठी नव्हे.

भारतीय परंपरेतील एका दाखल्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. रसचर्चेत शंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातील घोडा पाहताना होणारे ज्ञान सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयरूप नसते आणि सादृश्यरूपही नसते. ते या चारींहून निराळे असते. रंगभूमीवरील नटाला राम म्हणून पाहताना प्रेक्षक फसलेला नसतो. काही वेळा हा न्याय बनावट कलाकृतीच्या समर्थनार्थ पुढे केला जातो : कलेत सारेच आभासरूप असते, मग अस्सल आणि बनावट हा भेद कशाला? हा युक्तिवाद सदोष आहे. शंकुकाचा प्रश्न चित्रात जे दाखविले आहे त्याविषयीचा आहे. बनावटीचा प्रश्न ज्याने दाखविले त्याविषयीचा आहे. घोडा रंगाचा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तरीही आस्वाद घडतो. ‘अम्माऊस’पुढील प्रेक्षकाला मात्र जे ठाऊक नव्हते त्यावरच आस्वादाचा काही भाग उभा होता.

ज्ञान आणि दृष्टी

१९४५ नंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. ब्रेडियस यांना ज्या चित्रात व्हर्मीरचा आत्मा दिसला, त्या चित्रातील जड पापण्या, पोकळ गाल आणि भावविवश चेहरे आता व्हर्मीरचे वाटेनात. ते १९३० च्या दशकातील चित्रपटातारकांचे वाटू लागले. आज कलेतिहासाचा सामान्य विद्यार्थीही हे चित्र सतराव्या शतकातील नव्हे असे सहज सांगेल. मग त्या वेळच्या जाणकारांना हे दिसले कसे नाही?

त्याचे एक कारण असे की, स्वतःच्या काळाची लकब स्वतःच्या काळात दिसत नाही. १९३७ चा प्रेक्षक १९३७ चेच डोळे घेऊन आला होता. चित्रकाराने नकळत सोडलेली आपल्या काळाची छाप त्याला ‘सहज’ आणि म्हणून ‘चिरंतन’ वाटली. दुसरे कारण नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात दिले आहे. नवे चित्र व्हर्मीरचे आहे की नाही, हे ठरविताना जाणकार ते आधी मान्य झालेल्या व्हर्मीरच्या चित्रांशी ताडून पाहतो. ‘अम्माऊस’ एकदा त्या समूहात दाखल झाले, की पुढचे बनावट चित्र ‘अम्माऊस’शी जुळते म्हणून खरे ठरते. व्हान मीगरेनने अशी आणखी चित्रे विकली आणि ती उत्तरोत्तर ओबडधोबड होत गेली, तरीही खपली. मापनाची पट्टीच वाकली होती. ती चित्रे समूहातून बाहेर काढून त्यांचा स्वतंत्र समूह करताच दोन्हींतील भेद डोळ्यांना दिसू लागला.

गुडमन यांचा निष्कर्ष यावर आधारलेला आहे. दोन चित्रांत आज फरक दिसत नसला, तरी एक अस्सल व दुसरे बनावट असल्याचे ज्ञान हाच सौंदर्यदृष्ट्या फरक होय; कारण दिसू शकणारा फरक तेथे असू शकतो, याची ते साक्ष देते आणि आजच्या पाहण्याला वळण लावते. दृष्टी ही शिक्षित असते. ‘कृतीत जे आहे तेवढेच पाहा’ हा रूपवाद्याचा आदेश मान्य केला, तरी कृतीत काय आहे हे दिसण्यासाठीच कृतीबाहेरचे ज्ञान लागते, ही अडचण राहते. मर्ढेकरांची तीन तत्त्वे येथे अपुरी पडतात असे म्हणावे लागते. विरोध कोठे आहे व समतोल कोठे साधला आहे, हे देखील कोणत्या प्रकारची कृती म्हणून तिच्याकडे पाहिले जाते यावर अवलंबून असते. केन्डल वॉल्टन यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा कलाप्रकारांच्या संदर्भात मांडला. पिकासोच्या ‘गेर्निका’ची रचना उंचसखल पृष्ठभागांत घडविण्याची प्रथा एखाद्या समाजात असेल, तर तेथील लोकांना मूळचे सपाट चित्र प्रक्षोभक न वाटता थंड आणि निर्जीव वाटेल.

मात्र गुडमन यांच्या युक्तिवादाने बनावट चित्र निकृष्ट ठरत नाही. ते केवळ वेगळे ठरते, ही गोष्ट त्यांचे समर्थक पुष्कळदा विसरतात. निकृष्टता दाखवावयाची असेल, तर लेसिंगने बाजूला ठेवलेल्या कर्तृत्वाकडे परत यावे लागते. डेनिस डटन यांनी १९७९ मध्ये असे सुचविले की, प्रत्येक कलाकृती ही एका अर्थाने साधलेली कामगिरी असते आणि बनावट कृतीत त्या कामगिरीविषयीच चुकीची माहिती दिलेली असते. खिडकीतून येणारा प्रकाश भिंतीवर कसा विरत जातो हे १६६० च्या सुमारास रंगात पकडणे हा एका प्रश्नाचा शोध होता. १९३७ मध्ये तोच प्रकाश पकडणे हे सोडविलेले गणित पुन्हा उतरवून काढणे होय. गणित बरोबर असेल, अक्षरही सुरेख असेल. कौतुक मात्र निराळ्या गोष्टीचे करावे लागेल.

नक्कल, प्रक्षेप आणि बनावट

‘अम्माऊस’ ही कोणत्याही चित्राची नक्कल नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण चर्चेत बहुधा याच ठिकाणी गल्लत होते. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्या प्रतिकृतीच होत आणि त्यांनी कोणाचीही फसवणूक केली नाही. त्यांतील अनेक पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. ज्या उरल्या, त्यांचा उपयोग लेण्यातील रंग झिजत चालल्यामुळे आज पुरावा म्हणून होतो. प्रामाणिक नकलेचे मूल्य काळाबरोबर वाढल्याचे हे उदाहरण आहे.

‘अम्माऊस’ची जात निराळी. ती नवी रचना होती आणि ती दुसऱ्याच्या नावावर घातली गेली. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला तिचा जवळचा नातलग चित्रकलेत शोधावयास नको. प्रक्षिप्त ओवी व प्रक्षिप्त अभंग हा तो नातलग होय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालणाऱ्याला दोष दिला. हा दोष केवळ पाठचिकित्सेचा आहे असे समजणे बरोबर नाही. प्रक्षिप्त ओवी छंदात चोख असू शकेल, तिच्यातील दृष्टांतही रमणीय असेल. तरीही ती ग्रंथात राहिली, तर ग्रंथकाराच्या शैलीविषयीची वाचकाची समजूत हळूहळू तिच्याकडे झुकते आणि मग दुसरी प्रक्षिप्त ओवी ओळखणे कठीण होते. गुडमन ज्याला जाणकाराच्या नमुनासमूहाची विकृती म्हणतात, तीच ही. तुकारामांच्या गाथेच्या संपादकांपुढे हा प्रश्न सतत राहिला आहे. ‘अभंग चांगला आहे ना, मग कोणाचा का असेना’ हे उत्तर भाविकाला पुरेल. तुकारामांचा विशेष कशात आहे हे सांगू पाहणाऱ्या अध्यापकाला पुरणार नाही.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्य ही संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. तिचा एक ध्रुव अलौकिकतावादी : कलानुभव इतर जीवनव्यवहारापासून वेगळा व स्वयंपूर्ण. दुसरा लौकिकतावादी : कला ज्ञान, नीती आणि मानवी कर्तृत्व यांच्याशी जोडलेली. कोणताही एक ध्रुव टाकून दिल्यास संकल्पनेचा व्यवहार विस्कळीत होतो, ही त्यांची भूमिका मराठी सौंदर्यशास्त्रातील अतिशय फलदायी भूमिका म्हणावी लागेल आणि बनावट चित्राचा प्रश्न तिची चांगली कसोटी घेतो. केवळ पहिल्या ध्रुवावर उभे राहिल्यास १९४५ ची घटना निरर्थक ठरते. केवळ दुसऱ्यावर उभे राहिल्यास ब्रेडियस यांची फसगत समजावून घेता येत नाही. कारण ते नावाला भुलले नव्हते. चित्र त्यांच्यापुढे आले ते नाव घेऊन सिद्ध झालेले असे नव्हते. नाव त्यांनीच दिले, आणि चित्र त्यांना सुंदर वाटले म्हणून दिले. त्यांच्या चुकीत सौंदर्याचा प्रत्यय आणि अनेक वर्षे जपलेला विद्वानाचा तर्क ही दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली होती, की त्यांना स्वतःलाही ती वेगळी करता आली नसती.

बॉइमान्स संग्रहालयाने हे चित्र नष्ट केले नाही. २०१० मध्ये तेथे व्हान मीगरेनच्या बनावट व्हर्मीरांचे प्रदर्शन भरविण्यात आले आणि त्यात ‘अम्माऊस येथील भोजन’ व्हान मीगरेनच्याच नावाने मांडले गेले. जे नाव लपविण्यासाठी त्याने कापड भट्टीत भाजले होते, ते आता चित्राखालच्या पाटीवर होते.